गोचीड चावून आलेला ताप गेला, पण तळपायांची आग पाच महिने जात नाही

वारणाकाठची_लेक | १२ फेब्रुवारी

नमस्कार. वाचत बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६३. गाव शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठाला, चांदोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दोन म्हशी, एक जर्सी गाय आणि गोठ्याच्या दारात बांधलेला कुत्रा. मी लग्नानंतर कऱ्हाडला असते.

गणपती उठल्यावर आबांना ताप भरला. डोकं फुटेल इतकं दुखायचं. आधी टायफॉईडच्या गोळ्या झाल्या, मग एका खासगी दवाखान्यात चार दिवस सलाईन. प्लेटलेट कमी आल्या म्हणून डेंग्यू धरला, पण डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. आठव्या दिवशी मिरजेला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी आबांचे तळहात खिडकीच्या उजेडात धरले, मग चादर बाजूला करून तळपाय बघितले. दोन्हीकडं तांबडे ठिपके. इतके दिवस आमच्यापैकी कुणी तळपाय बघितलेच नव्हते. त्यांचा पहिला प्रश्न, "जनावरांना गोचिडी आहेत का?" आबा रोज धार काढायच्या आधी म्हशीच्या कासेजवळच्या आणि कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी बोटानं उपटतात आणि नखावर चिरडतात. लहानपणापासून बघत आलेय.

निदान झालं स्पॉटेड फीव्हर, म्हणजे रिकेट्सियाचा ताप. डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. आम्हाला वाटलं सुटलो.

घरी आल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात तळपायांना मुंग्या सुरू झाल्या, मग आग. रात्री दीड-दोनला उठून आबा ओसरीच्या शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसतात. पायावर पांघरूण सहन होत नाही, म्हणून आई पायथ्याला स्टूल आडवं ठेवून त्यावरून चादर टाकते. आणि गंमत नाही, खरंच सांगते, इतकी आग होत असताना त्याच पायांना स्पर्श नीट कळत नाही. मागच्या आठवड्यात गोठ्यातून एका पायात चप्पल घालून आले, दुसरी निसटल्याचं आईनं सांगितल्यावर कळलं.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खातात, तासाभराचाही आराम नाही. ताकदीची इंजेक्शनं झाली. आता भावकीतले म्हणतायत की गोचिडीचं विष अंगात राहिलंय, अँटिबायोटिकचा मोठा कोर्स करा. विष राहिलंय का खरंच? मिरजेला परत न्यायचं आहेच, पण काय विचारायचं ते कळून जावं म्हणून लिहितेय.

---

आटपाडीचा_शिवार | १२ फेब्रुवारी

ताई, माझा मावसभाऊ परदेशात असतो. त्याला गोचीड चावून लाइम नावाचा आजार झाला होता. सहा महिने सांधे आणि पाय दुखत होते. त्यानं तीन महिने अँटिबायोटिक घेतल्यावर बरा झाला. तुम्ही लाइमची तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवा आणि कोर्स मागून घ्या. हयगय करू नका. आमच्या शेजारच्यानं माकडताप असेल असंही सुचवलंय, तेही विचारा.

---

सातारी_फिजिशियन | १३ फेब्रुवारी

मी साताऱ्यात २२ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. आबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळं हे माहितीसाठी समजा, औषधाची चिठ्ठी म्हणून नको.

आधी विषाचं. स्पॉटेड फीव्हरचा जंतू, रिकेट्सिया, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरून वाढतो. तळहात-तळपायांवर दिसलेले ठिपके म्हणजे सुजून पाझरलेल्या बारीक रक्तवाहिन्याच. तशाच केसासारख्या रक्तवाहिन्या नसांनाही रक्त पुरवतात. त्या सुजल्या की नसेची उपासमार होते. त्यातही आजारपणात शरीराची संरक्षक यंत्रणा खवळलेली असते, तिचाही फटका नसांना बसू शकतो. डॉक्सिसायक्लिननं ४८ तासांत ताप उतरला याचा अर्थ औषध जंतूला बरोबर लागलं. उरली आहे ती जखमी झालेली नस, आणि नस अँटिबायोटिकनं भरून येत नाही.

नस वाढते तीही फार सावकाश, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. पायाची नस शरीरातली सगळ्यात लांब, म्हणून त्रास तळपायापासून सुरू होतो आणि शेवटी जातोही तिथूनच. पाच महिने झाले म्हणून कायमचं झालं असं मानू नका.

लाइमबद्दल. त्याचा जंतू बोरेलिया, पसरवणारी गोचीड वेगळी, इक्सोडिस जातीची. हा आजार अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि युरोपात जास्त. आबांचा ठिपक्यांचा ताप आणि डॉक्सिसायक्लिनला मिळालेला प्रतिसाद रिकेट्सियाशी जुळतो. आणि समजा लाइम असता, तरी उपचारानंतर मागं राहणाऱ्या दुखण्यासाठी लांबलचक अँटिबायोटिक देऊन पाहिलेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या चाचण्यांत १२९ रुग्ण होते, ९० दिवस औषध. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत २८० रुग्ण, आधी दोन आठवडे शिरेतून आणि मग १२ आठवडे गोळ्या. दोन्हीकडं औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. शिवाजी, तुमच्या परदेशातल्या मावसभावाला तीन महिन्यांत आराम पडला हे खरंच असेल, पण त्याच तीन महिन्यांत नसाही सुधारत असतात. श्रेय कुणाला द्यायचं ते एका माणसावरून ठरत नाही.

माकडतापही गोचिडीतून येतो, पण तो विषाणूचा आजार. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, आपल्याकडं २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात आढळला. तो डॉक्सिसायक्लिननं असा दोन दिवसांत उतरत नाही.

वेल-फेलिक्स किंवा आयजीएमची (या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं बघणारी) रक्ततपासणी आता पुन्हा करून ती पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं बरेच महिने रक्तात राहतात. त्यावरून जंतू जिवंत आहे असं ठरत नाही.

आता काय करून घ्यायचं. सगळ्यात आधी पाय नीट तपासणारा डॉक्टर. नायलॉनच्या तंतूनं स्पर्श, कंप पावणाऱ्या चिमट्यानं घोट्याजवळची थरथर, हातोडीनं घोट्याचा झटका. या पाच मिनिटांत जे कळतं ते महागड्या तपासणीतही कधी कधी कळत नाही. नसांची तपासणी, ज्याला सगळे एनसीव्ही म्हणतात, ती जाड नसांची असते. आग आणि मुंग्या बारीक नसांतून येतात. एनसीव्ही नॉर्मल आली म्हणून रुग्णाला "काही नाही, मनाचं आहे" असं सांगितलेलं मी अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

रक्तात साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, बी-१२, थायरॉईड, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. गोचीड चावली म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडू नका, नसेला दुसरंही काही कुरतडत असू शकतं. दारू असेल तर डॉक्टरांना खरी सांगा. आणि अंगावर कुठं सुन्न चट्टा आहे का, कोपराजवळ किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस जाड लागते का, हे बघायला सांगा. कुष्ठरोग आपल्या भागातून पूर्ण गेलेला नाही, वेळेत सापडला तर औषधानं बरा होतो.

डायक्लोफेनॅक आजच बंद करा. ते सुजेचं औषध, नसेच्या आगीवर जवळजवळ निकामी, आणि रोज खाल्लं तर मूत्रपिंडाला मार. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळीच असतात: अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन. यातली काही मुळात नैराश्याची, काही फिटची. चिठ्ठी बघून "आमच्या माणसाला वेड लागलंय का" म्हणून औषध फेकून देणारे नातेवाईक भेटतात, म्हणून आधीच सांगतो. डोस अगदी कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवायचा आणि चार ते आठ आठवडे दम धरायचा. अपेक्षाही खरी ठेवा. अमिट्रिप्टिलिनच्या गटात साधारण चारांत एकाला निम्मी वेदना कमी होण्याइतका जास्तीचा फायदा होतो, प्रीगाबालिनमध्ये सातआठांत एकाला. पहिलं लागू पडलं नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं, दुसरं लावून बघतात.

पाय लुळा पडायला लागला, पाऊल उचलता येईना, तोंड वाकडं झालं, लघवी अडली किंवा कपड्यात होऊ लागली, श्वास लागला, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

---

आटपाडीचा_शिवार | १३ फेब्रुवारी

डॉक्टर, समजावून सांगितलंत, आभार. नाव मात्र शिवाजी नाही, शिवार आहे. भाऊ बरा झाला म्हणून मनापासून सुचवलं होतं. ताई, माझा सल्ला मागं घेतो.

---

सातारी_फिजिशियन | १३ फेब्रुवारी

क्षमस्व शिवार, घाईत वाचलं.

---

खटावची_माती | १३ फेब्रुवारी

ताई मला दोन वर्षामागं पाटणकडं ऊसतोडीच्या टायमाला असाच ताप आल्ता. काखेत काळी खपली हुती, सिगारेटचा चटका दिल्यागत. डॉक्टर म्हणले स्क्रब टायफस, गोचीड न्हाय, बारीक किडा असतोय गवतातला. औषध हेच, डॉक्सी. ताप गेला पर पायाची आग मला बी चार महिनं हुती.

एक गोष्ट सांगतो ती आबास्नी सांगा. आग व्हायची म्हणून मी गरम पाण्याची पिशवी पायाखाली घिऊन झोपलो. रात्री ग्वाड वाटलं. सकाळी बघतो तर टाचंला लिंबाएवढा फोड. भाजल्यालं कळलंच न्हाय. ती जखम भरायला दीड महिना गेला, आग परवडली. शेक दिऊ नका, इस्तू न्हाय, इट न्हाय, काय न्हाय. गार पाणी बी बर्फाचं नको.

---

गोठ्याचा_डॉक्टर | १४ फेब्रुवारी

पशुवैद्यक आहे, वाळवा-शिराळा भागात काम करतो. दोन गोष्टी.

आपल्याकडं गोठ्यात "गोचीडताप" म्हणतात तो जनावरांचा थायलेरिया. तो जर्सी-एचएफसारख्या संकरित गाईंना जास्त होतो, माणसाला होत नाही. ताई, आबांच्या तापाला गावात कुणी गोचीडताप म्हणालं असेल तर गाईचं इंजेक्शन माणसाला लागू पडेल असा घोळ होऊ देऊ नका. असं विचारायला माझ्याकडं माणसं आली आहेत, म्हणून लिहितोय.

दुसरं, गोचीड नखावर चिरडणं आजपासून बंद. जंतू तिच्या अंगातल्या रसात असतो, बोटाला बारीक चीर असली तरी पुरते. स्पॉटेड फीव्हरसाठी कुत्र्यावरची तांबूस गोचीड जास्त महत्त्वाची, आणि तुमचा कुत्रा गोठ्याच्या दारातच आहे. माणसाला चिकटली तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, काडीचा चटका, तंबाखू यातलं काही नको. जागा साबणानं धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख पहिल्यांदा सांगा.

जनावरावर फवारून भागत नाही. पोट भरलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, गव्हाणीच्या सांदीत दोन-तीन हजार अंडी घालते. फटी सिमेंटनं बुजवा, भिंतीला चुना मारा, रिकाम्या गोठ्यात फ्लेम गन फिरवा, मात्र कडबा आणि वैरण आधी लांब हलवून. औषध जनावर, कुत्रा आणि जमीन तिन्हींवर एकाच दिवशी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. प्रमाण आपल्या पशुवैद्यकाला विचारून. फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं.

---

वारणाकाठची_लेक | १४ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन करून वाचून दाखवलं. डायक्लोफेनॅकची पाकिटं तिनं फडताळातून काढली.

एक सांगायचं राहिलं. आबांना "थोडी शुगर" आहे, सहा वर्षं मेटफॉर्मिन घेतात. घरात ते आजारपण धरतच नाहीत, म्हणून सुचलं नाही. आणि आम्ही माळकरी, अंडं-मटण नाही.

---

सातारी_फिजिशियन | १४ फेब्रुवारी

हे फार महत्त्वाचं आहे. मेटफॉर्मिननं बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि शाकाहारात ते दूध-दह्यातूनच काय येईल तेवढं. आधीच कमी पडलेल्या नसेवर तापाचा घाव बसला असण्याची दाट शक्यता. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका. बी-१२ तपासा, आणि रक्त देईपर्यंत नवीन व्हिटॅमिन सुरू करू नका.

"ताकदीची इंजेक्शनं" कसली होती त्याचं पाकीट शोधा. बऱ्याच बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-६ असतं. ते मोठ्या प्रमाणात महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच पायांची आग होते.

---

मिरज_वॉर्ड_सिस्टर | १५ फेब्रुवारी

१८ वर्षं मेडिसिन वॉर्डात आहे. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी पायाचं सांगते.

आईंना म्हणावं, रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी आबांचे तळपाय उजेडात बघायचे. टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. त्यांना स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा. अनवाणी ओसरीवरसुद्धा नाही. एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घ्या, मागं पट्टा असलेली. घालायच्या आधी उलटी करून झटकायची, आत खडा असला तरी त्यांना कळणार नाही. अंघोळीचं पाणी आईंनी कोपरानं बघायचं. तिळाचं किंवा खोबरेल तेल हलक्या हातानं लावायला हरकत नाही, बोटांच्या बेचक्यांत मात्र नको, तिथं कुजतं.

स्टूलावरून चादर टाकायची युक्ती आईंना कुणी शिकवली? आम्ही वॉर्डात भाजलेल्या रुग्णांना तशीच कमान लावतो.

आणि त्या रात्री दोनच्या जागरणाचं डॉक्टरांना नक्की सांगा. पेशंट दिवसा ओपीडीत बसलेला असतो, तेव्हा आग कमी असते. विचारलं की म्हणतो, "बरं आहे". आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता जाग आली, १० पैकी दुखणं किती, किती वेळ बसले.

---

वारणाकाठची_लेक | २७ फेब्रुवारी

मिरजेला जाऊन आलो. वही नेली होती, डॉक्टरांनी पानन्‌पान वाचलं. घोट्याचा झटका दोन्हीकडं नाही, थरथर नडगीच्या मध्यापर्यंत कळत नाही. चट्टा नाही, नस जाड नाही. एनसीव्हीत पायांच्या नसा मंद. बी-१२ आलं १४८, लॅबची खालची मर्यादा २००. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.९ टक्के.

बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. आधी ईसीजी काढला आणि मग अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री. मेडिकलवाल्यानं त्याऐवजी प्रीगाबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन (बी-१२ च) एकत्र असलेली कॅप्सूल काढून दिली, "तेच आहे, सगळे हेच घेतात" म्हणून. मी परत केली. इथं लिहिलेलं वाचलं नसतं तर घेऊन आले असते.

---

सातारी_फिजिशियन | २७ फेब्रुवारी

बरं केलंत. तेच नाही ते. प्रीगाबालिन चांगलं औषध आहे, पण एकदम ७५ नं साठीच्या माणसाला चक्कर येऊ शकते, आणि रात्री उठणारा माणूस चक्कर येऊन पडला तर खुब्याचं हाड जातं. क्रिएटिनिनप्रमाणं त्याचा डोसही बदलावा लागतो, जोड-कॅप्सूलमध्ये ते जमत नाही.

अमिट्रिप्टिलिननं तोंड कोरडं पडेल, शौचाला कडक होईल. लघवीची धार अडायला लागली तर लगेच कळवा, या वयात प्रोस्टेटची गाठ वाढलेली असू शकते.

---

वारणाकाठची_लेक | २५ मार्च

तेच झालं. दोन आठवड्यांनी झोप छान लागायला लागली, पण लघवीला बसलं की थांबून थांबून. फोनवर सांगितल्यावर डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन थांबवून ड्युलॉक्सेटिन ३० दिलं. पहिले पाच दिवस मळमळ, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर गेली. आता तेच सुरू आहे, पुढं ६० करणार आहेत. मनानं एकदम बंद करायचं नाही, असं बजावून सांगितलंय.

आबांची वही आता ते स्वतः लिहितात. फेब्रुवारीत ८, ८, ९ असे आकडे होते. या आठवड्यात ५, ४, ५. जाग एकदाच, पहाटे.

गोठ्याच्या फटी भावानं बुजवल्या, चुना मारला. कुत्र्याला औषध लावलं. आबांच्या हातात आता चिमटा आणि साबणाच्या पाण्याची बरणी असते, गोचीड तिच्यात टाकतात. पन्नास वर्षांची सवय, अजून मधेच नख पुढं जातं, मग आई हाक मारते.

---

खटावची_माती | २५ मार्च

लय बरं वाटलं ताई. आबास्नी सांगा मला सातव्या महिन्यापातूर बोटांच्या शेंड्याला मुंग्या हुत्या. मग गेल्या.

---

कोयनेची_सून | १६ मे

धागा वर काढतेय. माझ्या सासूबाईंनाही तापानंतर अशीच आग आहे, तीन महिने झाले. सोमवारी दाखवायला नेणार आहोत. काय काय बरोबर न्यावं?

---

वारणाकाठची_लेक | १७ मे

तापाच्या वेळची सगळी कागदं, डिस्चार्ज कार्डसकट. सध्या ज्या गोळ्या खातात त्यांची रिकामी पाकिटं, शुगर-बीपीच्याही, आणि मेडिकलमधून मनानं आणलेल्याही. आठवड्याची वही. आणि त्यांना सांगून ठेवा की डॉक्टरांनी विचारलं की "बरं आहे" म्हणायचं नाही, रात्रीचं सांगायचं.

आबांचं विचारलं नाहीत तरी सांगते. आकडा २-३ वर आहे. परवा मी माहेरी गेले होते. आईनं स्टूल काढून टाकलंय, चादर पायांवरच होती. पहाटे पाचला बघितलं तर आबा ओसरीवर नव्हते, चप्पल झटकून गोठ्यात धार काढायला गेले होते.